जागल्या का जागतो?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी मला विषय दिला तो असा : कामाच्या ठिकाणी काही वाईट चालले असेल तर एखादा कर्मचारी पुढे येऊन ते सांगतो, ते का सांगतो? विषय ऐकून मी जरा दचकलोच. कारण आपल्याकडे याच्या उलट प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. कुणी बोलला की आपण म्हणतो, "याला काय गरज होती?" न बोलणाऱ्या पन्नास जणांना मात्र कुणी काही विचारत नाही. तेव्हा विषय चांगला आहे आणि तो आपल्या घरातला आहे. या वस्तीत असे घर सापडणार नाही की ज्या घरातले कुणी ना कुणी प्रेसमध्ये, महापालिकेत, जिल्हा परिषदेत, एस. टी. त किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीत कामाला नाही.

पहिल्यांदा शब्दाचे बघू. मराठीत चुगली आहे, चहाडी आहे, कागाळी आहे. हे सगळे शब्द सांगणाऱ्याला हलका ठरवणारे. चांगल्या हेतूने सांगणाऱ्यासाठी शब्दच नव्हता म्हणा ना. अलीकडे वर्तमानपत्रांनी एक जुना शब्द काढला आहे, 'जागल्या'. हा शब्द आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगला ठाऊक असेल. गावकीत रात्रीची राखण करणारा तो जागल्या. आणि ही राखणदारी कितीतरी गावांत आपल्याच आजोबा-पणजोबांच्या वाट्याला होती. गाव झोपायचे, हा जागायचा, आणि बदल्यात मिळायचे काय तर शिळी भाकरी. चोर आला तर पहिली काठी याच्या डोक्यात, आणि चोरी झाली तर पहिला संशयही याच्यावरच! असो. नवा जागल्या ऑफिसात असतो. त्याची परिस्थिती फारशी बदललेली नाही, हे पुढे दिसेलच.

आता उदाहरण घेऊ, तेही लांबचे नको, आपल्या नाशिकचे. दिंडोरी रोडवर 'मेरी' आहे. बसच्या पाटीवर आपण रोज 'मेरी' वाचतो, पण आत काय चालते हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरणे, कालवे, सिमेंट, माती यांचा तिथे अभ्यास होतो. तिथे विजय पांढरे नावाचे मुख्य अभियंता होते, जलसंपदा विभागाचे. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे ते सदस्य होते. म्हणजे धरणांचे वाढीव खर्चाचे प्रस्ताव त्यांच्या टेबलावर येत. २०१२ साली त्यांनी मुख्यमंत्री आणि राज्यपाल यांना सविस्तर पत्रे लिहिली. प्रकल्पांच्या किमती वारेमाप फुगवल्या जातात, कामांचा दर्जा निकृष्ट आहे, उपसा सिंचन योजनांवर पैसा ओतला पण पाणी शेतात गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काही महिने ती पत्रे फायलीत पडून राहिली. सप्टेंबरात वर्तमानपत्रांत छापून आली आणि महाराष्ट्र हलला. राज्याच्याच आर्थिक पाहणीतला एक आकडा त्या वर्षी आधीच गाजत होता. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण वाढले किती, तर ०.१ टक्का! २५ सप्टेंबर २०१२ रोजी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर शासनाची श्वेतपत्रिका आली, तिच्यात सिंचनातली वाढ याहून पुष्कळ जास्त दाखवली होती, आणि डिसेंबरात ते पुन्हा त्या पदावर आले. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला, त्यात अनियमितता नोंदवल्या गेल्या. मग लाचलुचपत विभागाची चौकशी. २०१९ मध्ये त्या विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अजित पवार यांचा यात संबंध आढळला नाही असे प्रतिज्ञापत्र दिले. पांढरे नोकरीतून बाहेर पडले आणि २०१४ ची लोकसभा नाशिकमधून लढले. पडले. आपल्यापैकी काहींनी त्यांना मतही दिले असेल, काहींना ते उभे होते हेसुद्धा आठवत नसेल.

कोण दोषी, कोण निर्दोष, हा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. शेकडो अभियंते त्याच खात्यात होते, तीच धरणे, तेच कालवे, तेच आकडे त्यांच्याही समोर होते. मग पत्र एकानेच का लिहिले?

माझ्या समजुतीप्रमाणे याचे पहिले उत्तर टेबलात आहे. ज्याच्या टेबलावर कागद येतो आणि ज्याला त्यावर सही करायची असते, त्याला डोळे मिटता येत नाहीत. बाहेरून बघणारा म्हणू शकतो, "असेल बाबा काहीतरी." सही करणारा असे म्हणू शकत नाही. त्याची सही म्हणजे तो म्हणतो आहे की हे खरे आहे. इंजिनियरला सिमेंट कळते, नर्सला औषधाची मुदत कळते, गवंड्याला वाळूत माती किती हे मुठीत धरल्यावर कळते. आपल्या हातातल्या कामाची ज्याला कदर आहे त्याला खोटे काम बोचते. इतरांना ते दिसते फक्त. ज्यांनी कामावर वाईट गोष्टीला वाचा फोडली त्यांच्या हकिगती वाचल्या तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. बहुतेक जण बंडखोर वगैरे नसतात. कामात चोख, वेळेवर येणारे, नियमाचे पुस्तक वाचणारे लोक असतात. आणि ते सुरुवातीला वर्तमानपत्राकडे जात नाहीत, आधी आपल्या साहेबालाच जाऊन सांगतात. साहेब ऐकेल असा त्यांना भरवसा असतो.

पण पांढरे मुख्य अभियंता होते. त्यांच्या पत्राला वजन होते. आपल्या माणसांचे तसे नाही. आपली माणसे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत. म्हणून मी तुम्हाला एका लहान माणसाची हकिगत सांगतो. नाव, गाव, कार्यालय सांगत नाही.

रोजगार हमीच्या कामावर हजेरी सहाय्यक असायचे. मजुरांची हजेरी मांडायची, पंधरा दिवसांनी पगारवाटपाला अंगठे घ्यायचे. माझ्या ओळखीचा एक तरुण त्या कामाला लागला. आपल्याच समाजातला, मॅट्रिक झालेला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आले की हजेरीपटावर काही नावे अशी आहेत की ती माणसे कामावर कधी दिसतच नाहीत. वाटपाच्या कागदावर त्या नावांपुढे अकरा अंगठे, आणि अकराही अंगठे एकाच माणसाचे! वरच्यांनी सांगितले, "तू फक्त खाली सही कर, तुलाही चहापाणी मिळेल." याने सही केली नाही. तहसीलदारांना अर्ज दिला. चौकशी तीन वर्षे चालली, एकाकडून वसुली झाली आणि याची बदली सुरगाण्याकडे. त्या काळी तिकडे दिवसातून एखादी एस. टी. जायची.

मी त्याला एकदा सरळ विचारले, "का रे बाबा, कशासाठी केलंस?" मला वाटले हा काही मोठे बोलेल, बाबासाहेबांचे नाव घेईल. तो म्हणाला, "बाहत्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला होती. तिचे आठ दिवस कुणीतरी पटावरून खाल्ले होते. ती मरेपर्यंत ते आठ दिवस सांगायची. मी सही केली असती तर कुणाच्या तरी आईचे दिवस खाल्ले असते."

बंधू-भगिनींनो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नसते. तो पैसा कुणाचा आहे हे ज्याला ठाऊक असते, तो बोलतो. 'शासनाचा पैसा' म्हटले की तो कुणाचाच नसतो. 'आईचे आठ दिवस' म्हटले की लगेच चेहरा दिसतो. आपल्या घरांतून गेलेल्या माणसांना हे चेहरे ओळखू येतात, कारण आपण त्या पटाच्या दुसऱ्या बाजूला होतो. माझ्या मते हे आपले बळ आहे, आणि याचा आपण कधी हिशोब केलेला नाही.

हे आजचे नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. सरकारी इंजिनियर खात्यात कारकून मंडळी कशी लबाडी करतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला जोडलेल्या रचनांमध्ये या इंजिनियर खात्यातल्या लबाडीवर एक आख्खा पवाडा आहे. म्हणजे बघा, पांढऱ्यांच्या पत्राआधी १३९ वर्षे बांधकामाच्या खात्याची कागाळी महाराष्ट्रात लिहिली गेली होती, तीही खात्याशी धंद्याचा संबंध असलेल्या माणसाकडून! त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. आत काय चालते ते त्यांनी नोकर म्हणून पाहिले. नोकरी सोडून १८८० पासून 'दीनबंधू' पत्र हाती घेतले आणि गिरणीतल्या कामगारांचे हाल छापायला लागले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत, यंत्रात हात गेला तर भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. आज आपण रविवारी विहारात जमतो तेव्हा हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. पण मला त्या साडेपाच हजार सह्यांचे नवल वाटते. त्यातले कितीतरी निरक्षर. एकटा कुणी गेला असता तर मुकादमाने त्याच संध्याकाळी हाकलला असता. सगळे एका कागदावर आले म्हणून कुणा एकाला धरता आले नाही, आणि लिहिणारा माणूस असा होता की ज्याला आतले हिशोब कळत होते.

आता भीतीचे बोलू, कारण घरातल्या भगिनी मनात म्हणत असतील, "सांगायला काय जातंय."

भीती खोटी नाही. आपल्याच जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथून जात असताना एका ढाब्याजवळ त्यांना भेसळीचा प्रकार दिसला. ते मोबाईलवर चित्रण करू लागले. त्यांना मारहाण करून, अंगावर इंधन ओतून जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. इतका मोठा अधिकारी, भर दिवसा! मग साध्या शिपायाने काय करावे?

बिहारमध्ये सत्येंद्र दुबे नावाचे तरुण अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होते. रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्राने कळवला आणि माझे नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गया शहरात त्यांचा गोळी घालून खून झाला. न्यायालयात पुढे तो लुटीतला खून ठरला. पण नाव फुटले होते, ही गोष्ट काही खोटी ठरत नाही.

तरीसुद्धा एक सांगतो, आणि हे ऐकून मलाही आश्चर्य वाटले होते. अमेरिकेत १९८० च्या सुमारास सरकारी नोकरांना मोठ्या प्रमाणावर विचारण्यात आले, की गैरप्रकार दिसूनही तुम्ही कळवला नाही, तो का? भीती हे कारण होतेच. पण सर्वांत जास्त लोकांनी सांगितलेले कारण वेगळे होते : "सांगून काही होणार नाही असे वाटले." आपल्याकडे हे विचारायला माणसे पाठवायची गरजच नाही. कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसा. "वरपर्यंत सगळे मिळालेले आहेत" हे वाक्य चहाच्या आधी येते. म्हणजे माणूस मार खायलाही एकवेळ तयार होईल, फुकटचा मार मात्र कुणालाच नको. पहिल्या अर्जाचे काय झाले यावर दुसरा अर्ज येणार की नाही हे ठरते. त्या हजेरी सहाय्यकाची बदली झाली हे सगळ्या तालुक्याला कळले, वसुली झाली हे फार थोड्यांना कळले. बदलीची बातमी पोहोचवायला माणसे असतात.

बक्षिसाचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे, सरकारला फसवणाऱ्याची बातमी देऊन दावा चालवला तर वसुलीतला वाटा मिळतो. आपल्याकडेही आयकर खात्याने २०१८ मध्ये खबऱ्यांसाठी बक्षीस योजना काढली, परदेशातल्या काळ्या पैशासाठी ५ कोटींपर्यंत. पैशासाठी कुणी बोलला तर मला त्यात वावगे वाटत नाही, नोकरी गेली तर त्याने खायचे काय? पण औषधाच्या दुकानातली मुदत संपलेली बाटली पकडून कोट्यवधीची वसुली होत नसते. लहान जागी बक्षीस पोहोचत नाही.

आणि काही जण सूडानेही सांगतात. प्रमोशन हुकले, साहेबाशी बिनसले, की लगेच अर्ज! हे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑफिसात उलटे चालते, अर्ज आला की आधी अर्जदाराचा हेतू तपासतात. हेतू वाईट असला तरी एकाच अंगठ्याचे अकरा ठसे चांगले होत नाहीत. आधी कागद तपासा, माणूस नंतर तपासा.

हेतू शोधण्याच्या या खोडीचा आपल्याला विशेष त्रास होतो, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. आपला माणूस बोलला की पहिले वाक्य येते, "कोट्यातून आलेत, काम येत नाही, म्हणून तक्रारी करतात." गोपनीय अहवालात शेरा पडतो. जातपडताळणीची फाईल पुन्हा उघडते. शिवाय आपल्या घरात नोकरी ही एकट्याची नसते. एका पगारावर गावाकडचे आई-वडील, धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज. त्यामुळे रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला की बायको म्हणते, "तुम्हाला एकट्यालाच का पडलंय?" ती चुकीची नसते. तिला महिन्याचा किराणा दिसत असतो. पण माझे निरीक्षण असे आहे की माणूस बोलतो किंवा गप्प बसतो, ते साहेबाच्या केबिनच्या आधी या जेवणाच्या ताटावर ठरलेले असते. त्या हजेरी सहाय्यकाच्या बायकोने त्याला एवढेच विचारले होते, "सुरगाण्याला शाळा आहे का?"

आता दारे कुठली आहेत ते सांगतो, तरुणांनी लक्ष द्यावे. दुबे प्रकरणानंतर केंद्र सरकारने एप्रिल २००४ मध्ये एक ठराव काढला. केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्राच्या कंपन्या, सरकारी बँका यांतला गैरव्यवहार केंद्रीय दक्षता आयोगाला, दिल्लीला, बंद पाकिटात कळवता येतो. पाकिटावर 'पी. आय. डी. पी. आय.' असे लिहायचे, आपले नाव-पत्ता बाहेर लिहायचा नाही, आतल्या पत्रात मात्र लिहायचा. निनावी पत्र ते घेत नाहीत, पण नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी आयोगाची. म्हणजे नाशिक रोडच्या दोन्ही प्रेस, ओझरचे एच. ए. एल., रेल्वे, पोस्ट, बँका, यांतल्या आपल्या माणसांना हे दार उघडे आहे. महापालिका, जिल्हा परिषद, पाटबंधारे, यांतल्या माणसांना ते नाही. त्यांनाही संरक्षण देणारा कायदा संसदेने केला, २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो अंमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. घर बांधले, कुलूप लावले, किल्ली दिल्लीला! राज्याच्या नोकरांसमोर लाच मागण्याचा प्रकार असेल तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा फोन आहे, आणि लोकायुक्त आहेत. खाजगीत, शेअर बाजारात नोंदलेल्या आणि बँकांचे ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावी लागते. अंबडच्या लहान शेडमध्ये दहा-वीस माणसांत काम करणाऱ्या आपल्या मुलाला यातले काहीच नाही. त्याला युनियन, नाहीतर आपण.

आणि लिहून ठेवा. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्याची कारणे सविस्तर लेखी निवेदनात मांडली. संसदेत ते नीट वाचू दिले जाईना, तर बाहेर येऊन ते वर्तमानपत्रांना दिले. तोंडी सांगितले असते तर आज आपल्याला ती कारणे कोण सांगणार होते? तेव्हा तारीख, वार, कुठला कागद, कुणी काय म्हणाले, हे घरच्या वहीत त्याच रात्री लिहायचे. अर्ज दिला की आवक-जावकचा शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ऑफिसचे मूळ कागद घरी आणायचे नाहीत, त्यात उलट तुम्हीच अडकाल. आणि शक्य असेल तर एकट्याने जायचे नाही, आणखी दोन सह्या मिळतात का ते आधी बघायचे.

विहार समितीला माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीत निवृत्त झालेले लेखनिक आहेत, युनियनचे जुने कार्यकर्ते आहेत, दोन वकील आहेत. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर एक तास त्यांनी इथे बसावे. ज्याला असा अर्ज लिहायचा असेल त्याने यावे, त्यांनी तो वाचून द्यावा, आणि पोचेची एक झेरॉक्स विहाराच्या कपाटात ठेवावी. कपाट आहे, कुलूपही आहे, अध्यक्षांना मी आधीच विचारले आहे. ते म्हणाले, सभेत मांडा. म्हणून मांडतो आणि माझे बोलणे संपवतो. जयभीम.